भीती वाटते असे म्हणण्याचा हक्क कोणाला?

करोनाचा विषय काढला की आता लोक तोंड फिरवतात. ज्यांच्या घरचे माणूस गेले ते फारसे बोलत नाहीत आणि ज्यांच्या घरचे गेले नाही ते विसरून गेले आहेत. झाले गेले गंगेला मिळाले, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण मे २०२१ मध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशात गंगेच्या पाण्यावर प्रेते तरंगताना साऱ्या देशाने पाहिली, तेव्हापासून ही म्हण आमच्या तोंडून निघत नाही. गंगेला काय मिळाले ते आम्ही पाहिले आहे.

मग हा विषय आज उकरून काढण्याचे कारण काय? कारण साधे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यातील एक संहिता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीविषयी आहे. संसदेने ती २०२० साली, म्हणजे करोना ऐन भरात असताना मंजूर केली होती. त्या दिवसांत आमच्यासारख्या लाखो नोकरदारांच्या मनात जी भीती होती तिला या कायद्यात काही जागा मिळाली असेल, या आशेने आम्ही ती वाचायला घेतली आणि पहिल्याच कलमात अडखळलो. तेथे लिहिले आहे की ही संहिता केंद्र सरकारच्या कार्यालयांना लागू नाही, राज्य सरकारच्या कार्यालयांना लागू नाही आणि युद्धनौकांना लागू नाही. कार्यालय आणि युद्धनौका एका ओळीत! युद्धनौकेवरच्या सैनिकाने मरणाची तयारी ठेवलेली असते, हे समजू शकते. पण आवक-जावक शाखेतल्या कारकुनाने आणि शिपायाने ती कधी ठेवली होती?

म्हणून आम्हाला जून २०२० आठवला.

आम्ही त्या वेळी मुंबईतील एका शासकीय कार्यालयात नोकरीला होतो. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. वाचक ज्या कार्यालयात नोकरी करतात त्याचे नाव तेथे घालावे, फारसा फरक पडणार नाही. एक लांबलचक हॉल, त्यात चाळीस माणसे, टेबलाला टेबल भिडलेले. भिंतीच्या बाजूने लोखंडी कपाटे आणि कपाटांवर छतापर्यंत गेलेले लाल फडक्यातले गठ्ठे. ही कपाटे नेमकी खिडक्यांना पाठ लावून उभी केलेली. त्या खिडक्या शेवटच्या कधी उघडल्या होत्या हे कार्यालयात कोणालाच ठाऊक नव्हते. हवा खेळती होती ती फक्त साहेबांच्या केबिनमध्ये.

‘मिशन बिगिन अगेन’ची घोषणा झाली. खाजगी कार्यालयांना दहा टक्के आणि शासकीय कार्यालयांना पंधरा टक्के उपस्थितीची परवानगी मिळाली. पुढे हे आकडे वाढत गेले. आमच्या कार्यालयाच्या दारावर कपाळाला लावायचे तापमानाचे यंत्र आले, पायाने दाबायची सॅनिटायझरची बाटली आली आणि जमिनीवर सहा सहा फुटांवर लाल रंगाचे गोल काढले गेले. हे गोल दाराबाहेर होते. दाराच्या आत एकही गोल नव्हता, कारण आत गोल काढायला जागाच नव्हती.

पंधरा टक्के म्हणजे नेमके कोणते पंधरा टक्के, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. वरिष्ठांच्या बैठका मोबाईलवर आणि संगणकावर होऊ लागल्या. ज्यांच्याकडे लॅपटॉप होता, घरात वेगळी खोली होती, त्यांना घरून काम करता आले. पण टपाल घरून घेता येत नाही. फाईल घरून उचलता येत नाही. कार्यालयातला संडास घरून धुता येत नाही. त्यामुळे यादी लागली तेव्हा तीत शिपाई होते, नाईक होते, आवक-जावकचे कारकून होते, झेरॉक्सवरचा मुलगा होता, कंत्राटदाराने पाठवलेल्या सफाईवाल्या बाया होत्या. त्या यादीतील आडनावे वाचली तर ती कोणत्या समाजाची आहेत हे आंधळ्यालाही कळले असते. वर्णव्यवस्था कार्यालयात कोठे आहे असे आम्हाला पुष्कळदा विचारले जाते. त्या यादीत होती.

यायचे कसे, हा दुसरा प्रश्न. लोकल मार्चमध्येच बंद झाली होती. १५ जूनपासून ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली. ज्यांच्याकडे ते ओळखपत्र नव्हते त्यांनी कल्याण, बदलापूर, विरारहून एसटीच्या रांगेत दोन दोन तास उभे राहून मुंबई गाठायची. २२ जुलै २०२० रोजी नालासोपाऱ्याला एसटी मिळेना म्हणून चिडलेले चाकरमानी रेल्वेच्या रुळांवर उतरले. वर्तमानपत्रांनी त्यांना बेशिस्त म्हटले. या लोकांना रोगाची भीती नव्हती काय? होती. पण रोगापेक्षा बिनपगारी होण्याची भीती मोठी होती. माणसाला दोन भीतींतून एक निवडायला लावायची आणि त्याने निवड केली की त्याला बेशिस्त म्हणायचे, ही या व्यवस्थेची जुनीच पद्धत आहे.

आमच्या शाखेत एक शिपाई होते. सारे कार्यालय त्यांना मामा म्हणे. वय सत्तावन्न, निवृत्तीला तीन वर्षे राहिलेली. साखरेचा आजार जुना. कल्याणच्या पलीकडून यायचे. त्यांच्या खानदानात सरकारी नोकरी लागलेला हा पहिला माणूस. जुलैमध्ये एके दिवशी ते आमच्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, एक अर्ज लिहून द्या. मला भीती वाटते.”

अर्ज आम्हीच लिहून दिला. मधुमेहाचा रुग्ण असल्याने काही काळ उपस्थितीतून सूट मिळावी, एवढाच मजकूर. साहेब तसे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी अर्ज वाचला आणि नियमाप्रमाणे शेरा मारला की जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला जोडावा. आता हा दाखला मिळवायचा तर सरकारी इस्पितळाच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. कार्यालयातली गर्दी टाळण्यासाठी त्याहून मोठ्या गर्दीत जायचे! मामा तरीही गेले असते. पण त्याच दिवशी दुपारी डबा खाताना एक सहकारी सर्वांना ऐकू जाईल असे बोलला, “नोकरी घेताना कोटा पाहिजे, आणि काम करायच्या वेळी यांना भीती वाटते.”

दुसऱ्या दिवशी मामा आले ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि अर्ज परत मागून आणला. आम्ही विचारले तर म्हणाले, “जाऊ द्या भाऊ. समाजाचे नाव खराब होते.”

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. एका माणसाला आपल्या जिवाची भीती वाटते आणि ती बोलून दाखवली तर समाजाचे नाव खराब होईल असे त्याला वाटते! सवर्ण कारकून आजारी रजेवर गेला तर तो एकटा आजारी असतो. मागासवर्गीय कर्मचारी रजेवर गेला तर त्याचा सारा समाज कामचुकार ठरतो. राखीव जागेवर आलेल्या माणसाने दुप्पट काम करून आपली लायकी रोज सिद्ध करावी, असा एक अलिखित सेवानियम आहे. त्या नियमात भिण्याची तरतूद नाही.

सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात पहिल्या लाटेचा कळस झाला. आमच्या शाखेत आधी एक कारकून खोकत होता. त्याला ताप नव्हता, म्हणून दारावरच्या यंत्राने त्याला आत सोडले. आठवडाभरात पाच जण बाधित निघाले. त्यात मामा होते. चार जण घरी परतले. मामा कोविड सेंटरमध्ये नवव्या दिवशी गेले. अंत्यसंस्काराला आम्हाला जाता आले नाही. त्रिसरण पंचशील आम्ही आपल्या घरीच म्हटले.

त्यानंतर शाखा दोन दिवस बंद ठेवून फवारणी केली. आणि मग जे आधी कोणाला सुचले नव्हते ते झाले. चार माणसांनी मिळून ती लोखंडी कपाटे खिडक्यांपासून हलवली, गठ्ठे खालच्या खोलीत नेले, गंजलेल्या कड्या तेल घालून सैल केल्या आणि खिडक्या उघडल्या. हॉलमध्ये वारा आला. ते काम दोन तासांचे होते. एक पैसा खर्च आला नाही. बंद खोलीतल्या हवेतून हा रोग पसरतो, असे जगातल्या दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जुलै २०२० मध्येच पत्र लिहून जागतिक आरोग्य संघटनेला सांगितले होते. पण आमच्याकडे टेबल पुसणे चालू होते, फाइलींवर औषध मारणे चालू होते आणि खिडक्या बंद होत्या.

मामांच्या कुटुंबाला काय मिळाले? मे २०२० मध्ये राज्य शासनाने कोविडच्या कर्तव्यावर असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्यांच्या वारसांना ५० लाख देण्याचा निर्णय घेतला होता. निर्णय चांगलाच होता. पण मामा कोविडच्या कर्तव्यावर नव्हते, ते टपालाच्या कर्तव्यावर होते. रोग मात्र तोच होता. पुढे सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर करोनाने गेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला ५० हजार देण्याचे २०२१ मध्ये ठरले, ते त्यांना मिळाले. मुलाचे नाव अनुकंपा यादीत गेले. ही यादी कशी चालते हे वाचकांना सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, साथ ही निसर्गाची गोष्ट, तिथे जात आणि कायदा कशाला आणता? त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. प्लेग म्हटले की आपल्या पाठ्यपुस्तकाला रँड आणि चाफेकर आठवतात. आम्हाला दुसरी दोन माणसे आठवतात. एक नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. आज सारा देश रविवारची सुटी भोगतो. गिरणी कामगारांना ती १० जून १८९० पासून मिळाली ती लोखंड्यांच्या लढ्यामुळे. ते ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगने गेले. दुसऱ्या सावित्रीमाई. पुण्याजवळ ससाणे माळावर डॉ. यशवंतांनी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेल्या पोराला माईंनी पाठीवर टाकून तेथे आणले. पोर वाचले, माई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. एका महिन्याच्या अंतराने सत्यशोधक चळवळीचे दोन आधार गेले, तेही लोकांची सेवा करताना.

याच काळात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, इंग्रज सरकारने साथरोग अधिनियम केला. तोच कायदा २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बाहेर काढण्यात आला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. त्यात सरकारला अधिकार आहेत, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे आणि अधिकाऱ्यांना दाव्यापासून संरक्षण आहे. साथीच्या काळात काम करणाऱ्याला काय हक्क आहेत, याबद्दल मूळ कायद्यात एक अक्षर नाही. २०२० साली दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा देण्यासाठी. ती योग्यच होती. पण दाटीच्या खोलीत बसवलेल्या कामगाराचे काय, हा प्रश्न १८९७ मध्ये होता तेथेच २०२० मध्येही राहिला.

प्लेगच्या वेळी गिरणी कामगारांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या पायांनी दिले. ते हजारोंच्या संख्येने मुंबई सोडून गावी गेले. गिरण्या बंद पडू लागल्या, मालक कासावीस झाले आणि महिन्याने पगार देणाऱ्या मालकांना रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली. मार्च २०२० मध्येही मजूर रस्त्याने चालत निघाले. दोन्ही वेळा सरकारला आणि मालकाला मजुराची किंमत कळली ती तो निघून गेल्यावरच.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. दाटीच्या वस्त्या पाडायच्या आणि कामगारांसाठी हवेशीर चाळी बांधायच्या, हा त्याचा एक हेतू. त्यातूनच बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका चाळीत पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब राजगृहात जाईपर्यंत राहिले. बाबासाहेबांना गर्दी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. एका खोलीत घर, त्याच खोलीत अभ्यास आणि बाहेर सामायिक नळ. म्हणूनच १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री झाले तेव्हा त्यांनी कामगाराच्या शरीराचा विचार केला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराला नुसती मजुरी पुरत नाही, त्याला जगायला वेळ आणि श्वास घ्यायला जागा लागते, हा त्यामागचा विचार. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये न्याय्य आणि मानवोचित कार्यपरिस्थितीची तरतूद करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकण्यात आले.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात गर्दीवर स्वतंत्र कलमच होते. कारखान्यात प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा हवी, आणि ती मोजताना ४.२ मीटरपेक्षा उंच जागा धरायची नाही, इतका बारीक हिशोब त्यात होता. म्हणजे माणसाला किती हवा लागते हे कायद्याला ठाऊक होते. फक्त कारखान्यातल्या माणसालाच फुप्फुसे असतात आणि कचेरीतल्या माणसाला नसतात, असे कायद्याने गृहीत धरले होते!

साथीचा फायदा घेऊन आहे तेही काढून घेण्याचे प्रयत्न झाले, हे विसरता कामा नये. १७ एप्रिल २०२० रोजी गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांत दिवसाला बारा तास काम घेण्याची मुभा दिली आणि जादा कामाचा दुप्पट दर काढून टाकला. साथ ही ‘सार्वजनिक आणीबाणी’ आहे, असे त्याचे समर्थन होते. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि साथीचे ओझे एकट्या कामगाराच्या खांद्यावर टाकता येणार नाही, या अर्थाचा निकाल दिला. साथ आली की प्रथम कोणाच्या हक्कावर कुऱ्हाड येते, याचा हा पुरावा.

आणि तो ‘सोशल डिस्टन्सिंग’ शब्द! सामाजिक अंतर ठेवा, सामाजिक अंतर ठेवा, असे मोबाईलची घंटी वाजण्याआधी आम्हाला ऐकवले जात होते. सामाजिक अंतर आम्हाला नवीन नव्हते. विहिरीपासून, देवळापासून, शाळेपासून अंतर ठेवूनच आमच्या बापजाद्यांचा जन्म गेला. गंमत पाहा. जे अंतर माणुसकीला काळिमा होते ते हजारो वर्षे सक्तीने पाळायला लावले, आणि जे अंतर जीव वाचवण्यासाठी हवे होते, दोन टेबलांमधले सहा फूट, ते मात्र मागूनही मिळाले नाही.

आमचा समाज बेशिस्त आहे, तो गर्दी करतो, असे म्हणणाऱ्यांना आमचे एक उत्तर आहे. १४ एप्रिल २०२० रोजी बाबासाहेबांची जयंती आम्ही घराघरात साजरी केली. मिरवणूक नाही, डीजे नाही. दारात दिवा, हाती पुस्तक. ६ डिसेंबर २०२० रोजी चैत्यभूमीला न येता घरूनच अभिवादन करण्याचे आवाहन झाले आणि दरवर्षी लाखोंनी येणारा आमचा समाज घरी थांबला. ज्या माऊल्या गावाकडून भाकरी बांधून दादरला येतात त्यांनी त्या वर्षी डोळ्यातले पाणी पुसत घरातल्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. आमच्या जीवनातली सर्वांत पवित्र गर्दी आम्ही रद्द करू शकलो. मग आवक-जावक शाखेतली गर्दी इतकी पवित्र होती काय, की ती रद्द करता आली नाही?

येथवर आम्ही शासनाला आणि व्यवस्थेला बोललो. आता थोडे स्वतःलाही बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आम्ही मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटनेत काम करणारी माणसे. बिंदुनामावली, अनुशेष, जात पडताळणी, पदोन्नती या विषयांवर आम्ही रात्र रात्र जागलो. ७ मे २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेच्या धुमाळीत राज्य शासनाने पदोन्नतीतील आरक्षित जागा खुल्या करणारा निर्णय काढला. रस्त्यावर उतरायला बंदी असताना हा निर्णय निघाला. त्याविरुद्ध आम्ही निवेदने दिली, ऑनलाइन सभा घेतल्या. ते केलेच पाहिजे होते, उद्याही करू. पण खुर्ची मिळवण्यासाठी आम्ही जेवढे भांडलो, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला श्वास घेता येतो की नाही, यासाठी कधी भांडलो काय? आमच्या संघटनेच्या मागणीपत्रात खिडकी हा शब्द आमच्या आठवणीत कधीच आला नाही. मामांचा अर्ज आम्ही लिहून दिला, पण त्यांनी तो परत घेतला तेव्हा आम्ही गप्प बसलो. डबा खाताना तो सहकारी बोलला तेव्हाही आम्ही मान खाली घालून भाकरीच मोडत होतो. त्या दिवशी संघटनेच्या लेटरहेडवर चाळीस जणांच्या वतीने एक पत्र गेले असते, तर भीती एकट्या मामांची राहिली नसती. एकट्याची भीती म्हणजे भ्याडपणा ठरतो आणि चाळिसांची भीती म्हणजे मागणी ठरते. संघटित व्हा, हा बाबासाहेबांचा आदेश आम्ही मोर्चापुरता समजलो. टेबलापाशी तो आम्हाला समजला नाही.

आता नव्या संहितेकडे पुन्हा येऊ. जिथे ती लागू आहे तिथे तिने कामगाराला काय दिले? चौदाव्या कलमाप्रमाणे जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे असे कर्मचाऱ्याला सबळ कारणाने वाटले तर तो मालकाला कळवू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकाला धोका पटला तर त्याने ताबडतोब उपाय करायचा. पटला नाही तर निरीक्षक सांगेल ते अखेरचे. म्हणजे कळवण्याचा हक्क आहे. पण उत्तर येईपर्यंत त्याच खोलीत बसायचे की उठून बाहेर यायचे, याबद्दल कलम गप्प आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात मात्र स्पष्ट म्हटले आहे की तातडीच्या व गंभीर धोक्यातून बाजूला झालेल्या कामगाराला त्याबद्दल त्रास देता येणार नाही. २०२२ साली त्याच संघटनेने सुरक्षित आणि आरोग्यदायी कार्यस्थळ हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला. संप करणे हा गुन्हा ठरवला तर कामगार गुलाम होतो, असे बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठणकावून सांगितले होते. जीव वाचवण्यासाठी जागेवरून उठणे हा गुन्हा ठरत असेल, तर त्या माणसाला दुसरे काय म्हणायचे?

सरकारी कार्यालयांत कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगारांना मात्र ही संहिता लागू आहे, असे त्याच कलमात म्हटले आहे. ही एक फट आहे आणि तिच्यात आपण पाय रोवला पाहिजे. आज कार्यालयांतली सफाई, पहारा, डेटा एंट्री ही कामे कंत्राटावर गेली आहेत आणि तेथे आपलीच पोरे-पोरी आहेत. त्यांना हा हक्क आहे हे सांगणार कोण? कंत्राटदार सांगणार नाही.

म्हणून समाजातील कर्मचारी संघटनांपुढे आम्ही काही गोष्टी ठेवतो. पुढच्या मागणीपत्रात बिंदुनामावलीच्या खालीच कार्यालयातील हवा, जागा आणि खिडक्या यांची मागणी घालावी. शासकीय कार्यालयांनाही सुरक्षेचा कायदा लागू करा, ही मागणी आपल्या खासदार-आमदारांकडे धरावी. साथीच्या काळात उपस्थितीची यादी बनवताना ती संवर्गनिहाय जाहीर करावी, म्हणजे पंधरा टक्क्यांत कोण आहेत हे सर्वांना दिसेल. आजारी आणि वयस्क कर्मचाऱ्यांना दाखल्यासाठी इस्पितळांच्या रांगेत पाठवू नये. भरपाई देताना ‘कोविड कर्तव्य’ आणि ‘टपाल कर्तव्य’ असा भेद करू नये. आणि कंत्राटी कामगाराला संघटनेचा सभासद करून घ्यावे, वर्गणी कमी घ्यावी, पण घ्यावे.

साथ पुन्हा येणार नाही असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. १८९६ आला, १९१८ आला, २०२० आला. पुढचे वर्ष कोणते ते माहीत नाही. तेव्हा पुन्हा यादी लागेल, पुन्हा दारावर तापमानाचे यंत्र येईल आणि पुन्हा कोणीतरी मामा टेबलाशी येऊन हळू आवाजात सांगतील की मला भीती वाटते. तेव्हा त्यांना आवाज हळू करावा लागू नये, एवढे काम आपण आत्ताच करून ठेवले पाहिजे.

आम्ही काही महिन्यांपूर्वी त्या जुन्या कार्यालयात जाऊन आलो. खाली ठेवलेले गठ्ठे वर आले आहेत. लोखंडी कपाटे पुन्हा खिडक्यांना पाठ लावून उभी आहेत. आम्ही शाखेतल्या नव्या पोरांना म्हटले, अरे, ही कपाटे हलवा. ती म्हणाली, साहेबांना विचारावे लागेल. आम्ही म्हटले, विचारा, पण एकट्याने विचारू नका. सगळ्यांनी मिळून विचारा, आणि लेखी विचारा.

जयभीम.